अठ्ठेचाळीसचं शेपूट

“हे तज्ज्ञ कोण म्हणायचे, निरगुडेबाई?”

प्राचार्य टिपणीसांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझा अभिप्रायाचा कागद टेबलावर पालथा घातला. ही त्यांची जुनी खोड. कॉलेजात शिकवायचे तेव्हा नापास पोरांचे पेपर ते असेच पालथे घालून परत द्यायचे, शेजाऱ्याला गुण दिसू नयेत म्हणून. माझा कागद पालथा पडला तेव्हाच मी ओळखलं, आज आपली काही धडगत नाही.

“आहेत सर एक. ओळखीचे आहेत,” मी म्हटलं.

“ओळखीचा तर आमचा दूधवालाही आहे. नाव काय त्यांचं? अधिकार काय?” त्यांनी कागद सुलटा करून वाचलं, “‘तज्ज्ञांच्या मते निळा ग्रंथ संदर्भासाठी विश्वासार्ह नाही.’ एवढा थोरला ग्रंथ तुम्ही एका ओळीत निकालात काढलात. मग तो तज्ज्ञ आम्हांला दिसायला नको?”

मी गप्प. आणि मी गप्प बसणं ही काही साधी गोष्ट नव्हे. आमच्या घरात मला ‘रेडिओ’ म्हणायचे, तेही बंद न होणारा. पण त्या रविवारी सकाळी रेडिओ बंद पडला, कारण तज्ज्ञ अगदी समोर दिसत होता. समितीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि बाहेर वाचनकक्षात, भिंतीलगतच्या बाकावर, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक घेऊन तो बसला होता. तो तज्ज्ञ म्हणजे माझे वडील.

आता हे सगळं कुठून सुरू झालं ते सांगते.

साल पंच्याण्णव. ओझरच्या ज्ञानदीप वाचनालयात मी सहायक ग्रंथपाल होते, हंगामी. दोन वर्षं झाली होती आणि कायम करण्याचा विषय त्या रविवारच्या बैठकीत शेवटी ठेवलेला होता. ओझर म्हणजे विमानांचं गाव. शेजारी विमानांचा कारखाना, डोक्यावर दिवसभर गडगडाट, बोलता बोलता माणसं मध्येच थांबणार आणि विमान गेलं की त्याच शब्दापासून पुढं बोलणार. अशा गावाच्या वाचनालयात विमानांवरचं एक धड पुस्तक नव्हतं. शेवटी विमान विभाग काढायचं ठरलं आणि लढाऊ विमानांच्या इतिहासाचा एक मोठा संदर्भग्रंथ घ्यायचा ठरला. एकच. पुढची वीस वर्षं शाळेची पोरं, कारखान्यातले शिकाऊ, सगळे त्याच्यातच बघणार.

इंग्रजीतली दोन पुस्तकं नमुन्याला आली होती. एक निळं. सोनेरी अक्षरं, गुळगुळीत कागद, दोन्ही हातांनी उचलावं लागेल असं. दुसरं खाकी पुठ्ठ्याचं, चित्रं धुरकट, अक्षरं बारीक. इंग्लंडातल्या कुणा निवृत्त शाळामास्तराने तीस वर्षं पत्रव्यवहार करून ते जमवलेलं. दोन्ही तपासून अभिप्राय द्या, असं मला सांगितलं गेलं. मला विमानातलं काय कळतंय, डोंबल! मी दोन्ही पुस्तकं पिशवीत घातली आणि घरी आणली.

“नाना, जरा ही चाळता का? तुमच्याच धंद्यातली आहेत.”

“धंदा कसला? मी काय विमानं विकत होतो?”

पण उठले. मोरीत जाऊन साबणाने हात धुतले, टॉवेलला पुसले, मग पुस्तक हातात घेतलं. नाना म्हणजे तुळशीराम निरगुडे, मॅट्रिक. हवाई दलात पंधरा वर्षं एअरफ्रेम फिटर. म्हणजे इंजिन सोडून विमानाचं जे जे म्हणून असतं ते, पंख, शेपूट, चाकं, पत्रा, सगळं यांच्या हाताखाली. तिथून सुटल्यावर इथल्या कारखान्यात लागले आणि आदल्याच वर्षी निवृत्त झाले होते. निवृत्त झाल्यापासून त्यांनी घरातलं प्रत्येक दार, प्रत्येक नळ आणि आईचा प्रत्येक डबा दुरुस्त केला होता. आई म्हणायची, आता मला दुरुस्त करायला घेतील त्याच्या आत ह्यांना काहीतरी काम द्या गं.

नानांनी निळं पुस्तक मागून उघडलं.

“नाना, पुस्तक पुढून वाचतात.”

“कादंबरी पुढून वाचतात. हे माहितीचं आहे. आधी मागं बघायचं, ही माहिती आणली कुठून ते.” त्यांनी शेवटची पानं उलटली. तिथं त्याच प्रकाशकाच्या बाकीच्या पुस्तकांच्या जाहिराती होत्या. “घ्या. ह्यात कोणाची सहीच नाही.”

“पुस्तकात सही कशाला?”

“नलू, विमानाचा एक स्क्रू बदलला तरी वहीत लिहायचं असतं. काय केलं, कोणी केलं, कोणी तपासलं. खाली सही. आणि सगळ्यांच्या शेवटी पायलटची सही, तेव्हा कुठं विमान जागचं हलतं. ज्याच्याखाली सही नाही ते काम झालं असं मी तरी म्हणत नाही.”

मग खाकी पुस्तक. त्याच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरात नावंच नावं होती. हे अमक्याच्या पत्रावरून, ते तमक्याच्या डायरीवरून. नाना बोट ठेवून ठेवून वाचत होते. मध्येच हसले.

“काय झालं?”

“हा भला माणूस आहे. अकरा ठिकाणी लिहिलंय, ‘मला माहीत नाही’.”

“ज्याला माहीत नाही तो भला? कमाल आहे तुमची!”

“माहीत नाही आणि तसं सांगतो, तो भला. सगळं माहीत असलेल्या माणसाच्या हातात मी कधी पाना दिला नाही. पंख खाली पाडायचा एखादा.” मग दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून म्हणाले, “आता एक शीत दाबून बघू. आपण ज्याला स्वतः हात लावलाय ते काढायचं. तेवढं बरोबर असलं तर भात शिजलाय.”

त्यांनी दोन्हींत हंटर नावाच्या विमानाची पानं काढली. निळ्या पुस्तकात पानभर फोटो होता. विमान, आणि पंखाला टेकून उभा एक तरणाबांड पायलट, हसतोय. मी भाजी परतत होते. मध्येच वळून बघितलं, तर नाना त्या फोटोवर बोट ठेवून बसले होते. चेहरा असा, की लग्नात अचानक जुना मित्र भेटावा.

“निळं नको,” शेवटी म्हणाले. “ह्याने मेलेलं विमान जिवंत दाखवलंय आणि जिवंत होतं ते मारलंय. खाकी घ्या.”

“खाकीत काय लिहिलंय?”

“त्याने लिहिलंय, इथं काहीतरी गोंधळ आहे, मला उलगडत नाही, कोणाला ठाऊक असेल तर कळवा.”

कसला गोंधळ ते मी विचारलं नाही. भाजी लागत होती, आणि नाना एकदा विमानावर सुरू झाले की जेवणं थंड होतात हा अनुभव होता. त्याच संध्याकाळी मी अभिप्राय लिहायला बसले. लिहिलं, फोटोखालचा मजकूर चुकीचा आहे. आणि कोणाच्या सांगण्यावरून, तिथं लिहिलं, ‘तज्ज्ञांच्या मते’.

आता खरं ते बोलते. मला लाज वाटली. समितीत प्राचार्य, हायस्कूलच्या मुख्याध्यापिका कोठावदे मॅडम, शिवाय त्या दिवशी खास पाहुणे म्हणून निवृत्त विंग कमांडर खांडेपारकर नाशकाहून येणार. एवढ्या मंडळींपुढं काय लिहायचं, माझे वडील, मॅट्रिक, फिटर? ‘तज्ज्ञ’ म्हटलं की कसं भारदस्त वाटतं. कागद रात्रभर जेवणाच्या टेबलावरच होता. सकाळी मी तो घडी घालून पिशवीत टाकला, वाचनालयात देऊन टाकला आणि विसरून गेले.

तर, त्या बैठकीत.

विंग कमांडरसाहेब मला त्रास द्यायला आले नव्हते, हे आधीच सांगते. साठी ओलांडलेला, पांढऱ्या मिशांचा, मऊ बोलणारा माणूस. निळं पुस्तक त्यांनीच सुचवलेलं. त्यांनी ते उघडलं, आणि नेमकं तेच पान काढून समितीपुढं सरकवलं.

“हा मी,” ते म्हणाले. “सप्टेंबर पासष्ट, पंजाबातला आमचा तळ. आणि हे विमान. त्याच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे अठ्ठेचाळीस, बघा, शेपटाकडे लिहिलेत. आम्ही तेवढ्याच आकड्यांनी हाक मारायचो. याच्या आधी मी एक्काहत्तर उडवत होतो. ते मार खाऊन आलं, निकामी झालं, म्हणून मला अठ्ठेचाळीस दिलं. लढाई संपेस्तोवर मी यातनं उडालो. पुस्तकातही तेच छापलंय. आता तुमचे तज्ज्ञ म्हणतात हे चूक. मग मी काय स्वप्नात उडालो?”

कोठावदे मॅडम पदर तोंडाला लावून हसल्या. टिपणीस हसले नाहीत.

“निरगुडेबाई, सरळ सांगतो. नाव सांगा, नाहीतर अभिप्राय मागे घ्या. आणि बिननावाचा अभिप्राय देणाऱ्या बाईंना कायम करायचं की नाही, हेही मग समितीला बघावं लागेल.”

मागे घेणं किती सोपं होतं! “चुकलं सर” एवढंच म्हणायचं. निळं पुस्तक मंजूर, मी कायम, सगळे चहा प्यायला मोकळे. आणि ज्याने ते विमान स्वतः उडवलं तो माणूस समोर बसलेला. त्याच्यापुढं नानांचं कोण ऐकणार? माझीही खात्री डळमळली, खोटं कशाला बोलू. पण दारातून नाना दिसत होते. गुडघे जुळवून, पाठ ताठ. मांडीवरच्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर, कडा दाबून दाबून बसवलेल्या. आणि एकदम ते वाक्य आठवलं, ज्याच्याखाली सही नाही ते काम झालं असं मी तरी म्हणत नाही. नानांनी ज्या दोषासाठी निळं पुस्तक बाजूला सारलं, तोच दोष मी माझ्या एका पानाच्या कागदात करून ठेवला होता.

“तुळशीराम निरगुडे,” मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला. “हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते. शिक्षण मॅट्रिक. माझे वडील. बाहेर बसलेत.”

“वडील!” टिपणीस म्हणाले. “म्हणजे घरचंच म्हणा की.”

“घरचंच. बोलावू का?”

बोलावलं. नाना आत आले, चपला दाराशी काढल्या. प्राचार्यांना नमस्कार केला, मॅडमना केला, आणि विंग कमांडरसाहेबांकडे बघितल्याबरोबर नकळत त्यांच्या टाचा जुळल्या.

“बसा,” टिपणीस म्हणाले. “निरगुडे, साहेब म्हणतात हे विमान त्यांनी स्वतः उडवलंय. तुमचं म्हणणं काय?”

“उडवलंय की. साहेबांनीच उडवलंय. तेव्हा मिशा नव्हत्या साहेबांना.” नाना बसले नाहीत. “पण हे अठ्ठेचाळीस नाही. हे एक्काहत्तर आहे. साहेब, तुमचंच.”

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. “अहो, नंबर लिहिलाय ना शेपटाकडे!”

“शेपूट अठ्ठेचाळीसचंच आहे. विमान एक्काहत्तर.”

कोठावदे मॅडम म्हणाल्या, “अगं बाई! म्हणजे धड एकाचं आणि शेपूट दुसऱ्याचं? असं होतं का कुठं?”

“होतं, बाई. हंटरचं इंजिन काढायचं तर मागचा अर्धा भाग सोडवून मागं ओढावा लागतो. बनावटच तशी. म्हणजे तो सुटतो तसा दुसऱ्याला बसतोही.” नाना माझ्याकडे वळले. “नलू, ते नकाशे बघायचं भिंग आहे ना तुझ्याकडे?”

मी धावत जाऊन भिंग आणलं. नानांनी पुस्तक उजेडाला धरलं आणि फोटोत पंखाच्या मागं, विमानाच्या पोटावर, करंगळी ठेवली. ती करंगळी मी जन्मापासून बघत आले होते, नखाच्या कडेला काळी रेघ कायमची. तिची मला त्या आठवड्यात लाज वाटली होती.

“हा जोड. आता रंग बघा. लढाईच्या विमानावर हिरवे-करडे पट्टे मारतात, लपावं म्हणून. ते हाताने फवारायचे. म्हणून प्रत्येक विमानाचा पट्टा जरा वेगळा. हा गडद पट्टा पुढून येतो, जोडापर्यंत. आणि जोडाच्या पलीकडे? चार बोटं खाली सुटलाय. जुळत नाही. आमच्याजवळ तेव्हा रंगही नव्हता आणि वेळही नव्हता.”

टिपणीसांनी भिंग घेतलं. बघितलं. मॅडमना दिलं. मॅडमनी बघून “खरंच की हो!” म्हटलं. शेवटी भिंग साहेबांकडे गेलं. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ बघत राहिले.

“तुम्ही एक्काहत्तर घेऊन उतरलात ना साहेब,” नाना हळू आवाजात म्हणाले, “तेव्हा मागच्या भागाची चाळण झाली होती. पण पुढं एक ओरखडा नव्हता. आणि आदल्या दिवशी तळावर बॉम्ब पडले त्यात अठ्ठेचाळीस उभ्या उभ्या गेलं. तोंड, पंख, काही उरलं नाही. मागचा भाग तेवढा धडधाकट. सार्जंट कुरियन म्हणाले, दोन मेली म्हणायची की एक जिवंत करायचं? आम्ही सहाजण होतो. दीड दिवसात जोडलं. तुम्हांला वाटलं दुसरं विमान दिलं. नंबर बदलायला रंग आला तो लढाई संपल्यावर, तोवर कोणीतरी हा फोटो काढलेला.”

“वही?” साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता. “माझ्यापुढं वही आली असेल. त्यावर नंबर एक्काहत्तरच असेल.”

“होता ना. आम्ही सह्या केल्या, खाली तुम्ही केलीत.”

“सायरन वाजत होता,” साहेब म्हणाले, जणू स्वतःशीच. “मी न वाचता सही केली. आणि उतरल्यावर माझ्या डायरीत शेपटावरचा नंबर लिहिला. ह्या पुस्तकवाल्यांना माहिती मीच दिली, त्या डायरीवरून. म्हणजे चूक त्यांची नाही. माझीच.” मग एकदम नानांकडे बघून, “निरगुडे, त्या विमानाचा थ्रॉटल, वेग वाढवायचा दांडा, जरा घट्ट होता. एक्काहत्तरचाही होता. पहिल्याच दिवशी आत बसलो आणि वाटलं, हे आपलंच आहे. तीस वर्षं मला वाटतंय की तो मनाचा खेळ होता.”

“खेळ नाही साहेब. तुम्ही घरच्याच विमानात बसला होतात.”

साहेब उठले. मला वाटलं आता सलाम वगैरे ठोकतात की काय. तसलं काही नाही. त्यांनी स्वतःची खुर्ची ओढून नानांपुढं केली आणि म्हणाले, “बसा हो. मी तुमच्या भरवशावर नऊ वेळा वर गेलो आणि नऊ वेळा खाली आलो. नाव विचारायचं मात्र राहून गेलं.” आणि नाना बसले. विंग कमांडरच्या खुर्चीत माझे वडील बसले आणि माझी छाती अशी फुगली की ब्लाउजची बटणं सांभाळावी लागली. हसा खुशाल.

पुढचं पटापट झालं. खाकी पुस्तक एकमताने मंजूर. निळ्याचं काय, असा प्रश्न निघाला. साहेब म्हणाले, मी परत नेतो. नाना म्हणाले, “कशाला? चित्रं झकास आहेत. ठेवा की. फक्त चिठ्ठी लावा.”

वाचनालयात पुस्तकात चूक सापडली की आम्ही शुद्धिपत्राची चिठ्ठी त्या पानाला डकवतो. मी कोरा कागद दिला. नानांनी चार ओळी लिहिल्या, मराठीतच, एकेक अक्षर सुटं सुटं. खाली सही, त्याखाली तारीख. मग कागद साहेबांकडे सरकवला. “आता तुम्ही. फिटरनंतर पायलट.”

साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि लगेच सही केली नाही. चष्मा लावून चिठ्ठी वाचली, पुन्हा एकदा वाचली. “ह्या वेळी वाचून करतो,” म्हणाले आणि मग सही केली. नाना एवढे मनमोकळे हसलेले मी घरातही क्वचित बघितले होते.

टिपणीसांनी माझा अभिप्राय उचलला. पालथा नाही, सुलटा माझ्यापुढं ठेवला. “निरगुडेबाई, ‘तज्ज्ञांच्या मते’ तसंच राहू द्या, शब्द बरोबर आहे. पुढं नाव तेवढं घाला.” शेवटचा विषयही त्याच दमात मंजूर झाला. मला ते कळलंसुद्धा नाही, मॅडमनी चिमटा काढला तेव्हा कळलं.

घरी जाताना नाना सायकल हातात धरून चालत होते, मी शेजारून. कारखान्याच्या बाजूने एक विमान आलं, आम्ही दोघं थांबलो, ते गेलं.

“नाना, तुम्ही आज तिथं कसे काय आलात? खाकी पुस्तक तर मी उद्या नेणार होते.”

“आलो असाच.”

“इस्त्रीचा सदरा घालून?”

नानांनी सायकल पुढं ढकलली. मग म्हणाले, “कागद टेबलावर होता त्या रात्री. वाचला मी.”

मला रस्त्यातच रडू फुटलं. म्हणजे ह्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांचं नाव मी गाळलंय, का गाळलंय, सगळं. “मग बोलला का नाहीत? कान धरायचा होता माझा!”

“सही दुसऱ्याचा हात धरून करवून घेत नाहीत, नलू. ज्याची त्याने करायची.” आणि मग माझ्याकडे न बघता, “केलीस की. बाहेरपर्यंत ऐकू आली.”

नानांनी त्या खाकी पुस्तकवाल्या मास्तरांना पत्र लिहिलं. इंग्रजी माझं, मजकूर त्यांचा, आणि सोबत साहेबांचं वेगळं पत्र. चार वर्षांनी, एका सकाळी, पोस्टमन इंग्लंडचं पार्सल घेऊन वाचनालयात आला. नवी आवृत्ती. पुठ्ठा तसाच खाकी, चित्रं तशीच धुरकट. मी नानांना निरोप धाडला. ते आले, नळावर हात धुतले, आणि पुस्तक मागून उघडलं. मागच्या यादीत होतं ते. अठ्ठेचाळीस आणि एक्काहत्तरचा उलगडा पुढील व्यक्तींकडून. कुरियन, बलबीर, पाल, इस्माईल, रामलिंगम, निरगुडे. नंतर पायलट खांडेपारकर.

नानांनी सहाही नावांवर बोट फिरवलं. “कुरियन आणि इस्माईल आता नाहीत,” म्हणाले. “ती वही कुठं रद्दीत गेली देव जाणे. पण हे राहील.” डोळे पुसले, आणि लाजल्यासारखं हसून म्हणाले, “घे. भात शिजलाय.”

मी दाखल नोंदवही उघडली. पुस्तकाचं नाव, आवृत्ती, तारीख लिहिली. शेवटचा रकाना शेऱ्याचा, तो आम्ही सहसा मोकळाच सोडतो. त्यात मी शाईने लिहिलं, ‘तपासणारे तज्ज्ञ: तुळशीराम निरगुडे, एअरफ्रेम फिटर, माझे वडील’.

नाना खांद्यावरून बघत होते. “ए, सरकारी नोंदवहीत नातं लिहीत नाहीत. खोड ते.”

“मी लिहिते,” मी म्हटलं, आणि खाली सही केली.